आवाज न करणारी गाडी

सुमे, अशी जवळ बस, रागवायचंय तुला. माझ्या जुन्या गाडीला विजेवर चालणारी मोटर आणि बॅटरी बसवून दिलीस आणि सासरी निघून गेलीस. परवा पेट्रोल बंद ठेवून नुसत्या बॅटरीवर गल्लीत शिरले. शेजारच्या लीलावहिनी रस्त्याकडे पाठ करून कुरडया उलटत होत्या. एरवी आवाज ऐकून सरकतात, त्याच भरवशावर मी पुढे गेले. पदराशी चाक आलं तेव्हा ब्रेक दाबला.

"चोरासारखी काय येतेस गं?" त्या म्हणाल्या.

इंजिनाच्या ज्या घरघरीला इतकी वर्षं वैतागले, तीच माझ्या आधी पोचून माणसांना जपत होती. आता काच उघडून मोठ्यानं बोलत येते, तरी प्रत्येक वळणावर थांबून बघते. पुन्हा लवकर ये गं, आणि या गाडीसारखी गुपचूप नको, कोपऱ्यावरूनच हाक मार.