ढोल अंगाला ऐकू येतो

माझ्या वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. सोलापुरातल्या एका गिरणीत ते वीस वर्षं साच्यावर होते. कापड विणणाऱ्या त्या यंत्रांचा खडखडाट एवढा, की तिथली माणसं एकमेकांशी ओठांनी आणि हातांनीच बोलायची. त्यामुळं आपले कान जात चाललेत हे अण्णांना गिरणीत कधी जाणवलंच नाही. जाणवलं ते घरी. मी तेव्हा सातवीत होते.

आई हाक मारायची, ते वळायचे नाहीत. आम्ही भावंडं हसलो की त्यांना वाटायचं, आपल्यालाच हसतात. "मी काय येडा हाय व्हय?" म्हणून ते ताटावरून उठायचे.

एकदा गल्लीतल्या दुकानदारानं त्यांना रस्त्यात थांबवून काही सांगितलं. अण्णांना ऐकू आलं नाही, पण पुन्हा विचारायची लाज. ते हसून म्हणाले, "लई चांगलं झालं." दुकानदाराची आई गेली होती. हे त्यांना माझ्या आईकडून कळलं तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून बसले. त्यानंतर गिरणी आणि घर, एवढंच उरलं. लग्नाला जाणं बंद झालं, पारावर बसणंही बंद. रात्री झोप येईना. डोकं दुखायला लागलं. डॉक्टरांनी रक्तदाब वाढल्याचं सांगितलं, गोळ्या दिल्या. कानाच्या शिरा कामातून गेल्यात, त्याला इलाज नाही, असंही ते आईला म्हणाले. "पण यांना असं एकटं बसू देऊ नका."

शेजारी एक तेलुगू विणकर राहायचे. आई त्यांना राखी बांधायची, म्हणून ते आमचे मामा आणि अण्णा त्यांचे दाजी. मामा गल्लीच्या लेझीम पथकात ढोल वाजवायचे. शुक्रवार पेठेतल्या आमच्या गल्लीत गणपतीच्या महिनाभर आधीपासून रोज संध्याकाळी सराव चालायचा. एका संध्याकाळी मामा दारात उभे राहिले आणि अण्णांच्या तोंडासमोर तोंड आणून सावकाश बोलले, "दाजी, चला. एक माणूस कमी पडतोय."

"मला ऐकू येत न्हाय. मी काय करू तितं?"

मामा तसेच मागं वळले. घरी जाऊन ढोल आणला, अण्णांच्या गळ्यात अडकवला आणि जोरात एक टिपरू मारलं. अण्णा दचकले. त्यांनी तळहात ढोलाच्या कडेवर टेकवला.

"आलं की न्हाय?" मामांनी विचारलं.

"हितं आलं," अण्णा म्हणाले आणि छातीवर हात ठेवला. "अंगाला ऐकू येतंय."

ते सरावाला गेले. पहिल्या दिवशी फजिती झाली. म्होरक्यानं शिट्टी फुंकली की लेझमीचा हात बदलायचा आणि ढोलाची चालही. अण्णांना शिट्टी कुठून ऐकू येणार? सगळे बदलले, हे एकटेच जुन्या चालीवर. पोरं खिदळली. अण्णांनी ढोल उतरवला. मी आणि आई कट्ट्यावरून बघत होतो. आईनं माझा हात घट्ट धरला.

म्होरक्या तालमीतला दांडगा गडी होता. तो पोरांवर ओरडला. मग अण्णांसमोर येऊन त्यानं शिट्टी खिशात टाकली आणि हात वर करून दाखवला. "काका, आता शिट्टी न्हाय. ह्यो हात बघायचा. समद्यांनीच बघायचा."

अण्णांची नजर तशी तयार होतीच. वीस वर्षं ती ओठ आणि हात वाचत आली होती. आठवड्याभरात म्होरक्याचा खांदा हलला, की पुढं काय येणार ते त्यांना कळायला लागलं. घरी जेवताना त्यांची बोटं ताटाच्या कडेवर चालायची. आई म्हणायची, "आधी जेवा की." आणि ते हसायचे. खांदे दुखायचे, पण पाठ टेकली की झोप लागायची.

मिरवणुकीच्या आदल्या दिवशी ते आपण होऊन दुकानदाराकडे गेले. मी बरोबर होते. "त्या दिवशी मला ऐकूच आलं न्हवतं," ते म्हणाले. "माझ्या तोंडून भलतंच गेलं. मनात ठेवू नका." दुकानदार गल्ल्यावरून खाली उतरले. त्यांनी अण्णांचा हात दोन्ही हातांत धरला.

मिरवणुकीत अण्णा चार तास उभ्यानं वाजवत होते. फेट्याखालून घाम गळत होता. आई माझ्यापुढं दोन पावलं जवळजवळ धावतच होती, तेही अनवाणी, कारण गर्दीत तिची एक चप्पल हरवली होती.

कान काही परत आले नाहीत, उलट पुढं आणखी गेले. गोळ्याही सुटल्या नाहीत, पण डॉक्टरांनी त्या निम्म्या केल्या. अण्णा पुन्हा पारावर बसायला लागले. नवा माणूस भेटला की आधीच सांगायचे, "मला ऐकू कमी येतं, जरा माझ्याकडं बघून बोला." ते सांगायला त्यांना आता काही वाटायचं नाही.

पुढच्या वर्षी माझ्या शाळेत मुलींचं लेझीम बसवायचं ठरलं. बाईंना ढोल शिकवणारं कुणी मिळेना. मी घाबरत अण्णांना विचारलं. ते दाढी करत होते. आरशातच माझ्या ओठांकडे बघून त्यांनी वाचलं आणि अर्धी दाढी तशीच ठेवून विचारलं, "किती वाजता यायचं?"