रडक्या ओठांचा बिगुल

समई घासायला चिंच भिजवली, की त्या आंबट-पितळी वासानं मी भोकरच्या वसतिगृहात जाऊन पोचते.

शाळेच्या बँडमधला बिगुल माझ्याकडं होता. घरी भांडी घासतात तसा मी तो चिंचेनं घासायची. एका रविवारी सगळ्या मुलींना भेटायला घरचे आले. इस्लापूरहून माझं कुणीच आलं नाही. मी बिगुल घेऊन मैदानाच्या टोकाला गेले. फुंकला, तर नुसती हवा. जिभेवर चिंचेची चव तेवढी आली.

मागं बँडचे सर उभे होते. म्हणाले, "अगोदर रडून घे, पोरी. रडक्या ओठानं बिगुल वाजत न्हाई." आणि माझ्याकडं पाठ करून कितीतरी वेळ थांबले. मग म्हणाले, "आता ओठ मिट. फुर्र कर."

सर बँडच्याच खोलीत एकटे राहायचे. रडक्या ओठांचं हे त्यांना कुठून माहीत, असा प्रश्न तेव्हा पडलाच नाही.

आता लातूरच्या या घरात मी एकटीच असते. समई अर्धी घासून होते आणि पुण्याहून लेकाचा फोन वाजतो. मी डोळे पुसते, ओठ मिटून एकदा फुर्र करते आणि मग फोन उचलते.

"हाव रे बाळा, मजेत हाय मी."