पेपराची जत्रा

जयराम धुरी मास्तरांची बातमी छापण्याआधी कापावी लागायची. त्यांच्या लेखी पाऊस कधी नुसता पडायचा नाही, थैमानच घालायचा; आणि कुणाचा एक माड वाकला तरी नुकसान अतोनात व्हायचं. मालवणात ‘दैनिक खाडीवारा’च्या कचेरीत मी कात्री घेऊन बसायचो आणि तोंडाने शिव्या देत त्यांचा मजकूर निम्मा करायचो. तरीही सांगतो, असा वार्ताहर आम्हाला दुसरा मिळाला नाही.

एक्क्याऐंशी साली सिंधुदुर्ग वेगळा जिल्हा झाला. आमचे संपादक अण्णा खानोलकर म्हणाले, “जिल्हो आपलो झालो, मगे पेपर कित्याक परको?” लग्नपत्रिका छापायच्या एका जुन्या छापखान्यात त्यांनी दैनिक सुरू केलं. अक्षरांचे शिशाचे खिळे एकेक जुळवायचे, चार पानं काढायची आणि हात शाईने बरबटवून घरी जायचं. मोठे पेपर कोल्हापूरहून फोंडाघाट उतरून यायचे. लोक ते वाचायचे, आणि आमच्यात भजी बांधायचे.

जयराम मास्तर चिरेवाडीच्या शाळेत शिकवत. वार्ताहरकीतून त्यांना दमडी मिळत नव्हती. ‘आमच्या वार्ताहराकडून’ एवढं बातमीच्या डोक्यावर छापून आलं की त्यांचं पोट भरायचं. बातमीचा लखोटा शेवटच्या एसटीच्या कंडक्टरकडे द्यायचा, तो आम्ही मालवणच्या स्टँडवर घ्यायचा, अशी आमची व्यवस्था. त्यांच्या पत्नी विमलावहिनी म्हणायच्या, “ह्ये लग्नाची तारीख इसारतीत, पन शेवटची एसटी चुकूची नाय!”

चिरेवाडीच्या ग्रामदेवी सातेरीच्या जत्रेची तारीख कुठल्याच कॅलेंडरात नसते. ती देवी देते. मानकरी एक दिवस सुचवतात, देवीच्या पाषाणावर फुलाच्या ओल्या पाकळ्या लावतात आणि वाट बघत बसतात. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मुंबईचे चाकरमानी या तारखेकडे डोळे लावून असत, कारण ती कळल्यावरच त्यांना रजा टाकता येई. मोठ्या पेपरांवर मात करायची आमची वर्षातली ही एकच संधी.

त्र्याऐंशी साली कौल लांबला. भिकाजी परब, गावचे मुख्य मानकरी, देवीसमोर हात जोडून बसलेले; पाकळी काही पडेना. बाहेर शेवटची एसटी हॉर्न देऊ लागली. मानकऱ्यांनी दहा दिवसांनंतरचा बुधवार सुचवला होता आणि त्यांनी सुचवलेला दिवस देवीने कैक वर्षांत मोडला नव्हता. मास्तरांनी बातमीत ‘बुधवार’ लिहिलं आणि लखोटा पळत जाऊन कंडक्टरच्या हातात दिला. गाडी वळणापार गेली नसेल, तोच पाकळी पडली. डावी.

मग त्याच्या पुढचा रविवार सुचवला गेला. देवीने तो दिलाही. पण सकाळी आमच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत बुधवार!

“मास्तरा, देवीच्या आधी तू कौल दिलंस?” भिकाजी देवळासमोर कडाडले. “आजपासून तुझो पेपर गावात येता नये. आणि गावची बातमी तुझ्या हातान भायर जाता नये!”

मास्तर मालवणात आले आणि त्यांनी वार्ताहराचं ओळखपत्र अण्णांच्या टेबलावर ठेवलं. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. अण्णा म्हणाले, “कार्ड ऱ्हवांदे हयसर. पन त्या बुधवारी लोक येतले, तेंचा काय?”

खरंच होतं. आम्ही दुरुस्ती छापली, पण बुधवारची कात्रणं मालवणातून टपालाने मुंबईला कधीच रवाना झाली होती. चुकीची बातमी घोड्यावर बसते, दुरुस्ती पायी चालते.

बुधवारी मास्तर शाळेत रजा टाकून सकाळपासून एसटीच्या थांब्यावर उभे राहिले. उतरेल त्याला हात जोडून एकच सांगायचे, “जत्रा रविवारी आसा. चूक माझी. घराकडे चला, जेवान तयार आसा.” विमलावहिनींनी आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्यांची आमटी केली होती. माणसं वाढत गेली तसं पीठ संपलं. शेजारची काशीबाई आपलं पीठ घेऊन आली, कुणी नारळ आणले, कुणी केळीची पानं.

हा गलबला कसला ते बघायला भिकाजी तरातरा आले, तर पहिल्याच पंगतीत त्यांचा मुंबईचा सख्खा भाऊ, सत्यवान, बायकोपोरांसह आंबोळी हाणत बसलेला.

“अरे, तू खंयसून इलंस?”

“पेपरात वाचलंय, दादा!”

पंगत हसून लोळली. भिकाजी हसले नाहीत, पण पान मांडलं तसे बसले आणि दोनदा आमटी मागून घेतली. पाहुणे घरोघर विभागले गेले आणि रविवारपर्यंत राहिले. त्या बुधवारला चिरेवाडीत अजून ‘पेपराची जत्रा’ म्हणतात.

बंदी मात्र उठली नाही. वर्षभर चिरेवाडीहून ओळ आली नाही. माझ्या कात्रीला आराम मिळाला, आणि खरं सांगायचं तर मला करमेना.

पुढच्या वर्षी पुन्हा कौलाचा दिवस आला. मास्तर पुढे गेलेच नाहीत, देवळाच्या पायरीशी मागे बसून राहिले. पाकळी अडलेली. एसटीने हॉर्न दिला. तेव्हा भिकाजी देवीसमोरून उठले, बाहेर आले आणि गाडीपुढे हात पसरून उभे राहिले.

“ड्रायव्हरांनू, गाडी बंद करा. देवी बोलूची आसा.”

ड्रायव्हरही आमच्याच मातीतला. त्याने गाडी बंद केली. उतारू, कंडक्टर, सुक्या मासळीची पाटी घेतलेली शेवंती, सगळे उतरून देवळात येऊन बसले. भिकाजींनी गाऱ्हाणं घातलं, “बाये सातेरी माऊली, आमच्या मास्तराची गाडी खोळंबली आसा. काय ता बेगीन सांग!”

“व्हय म्हाराजा!” अख्खी एसटी ओरडली.

उजवी पाकळी पडली.

“मास्तरा, खंय आसस रे? लिवन घे!”

मास्तर उठले, पण पाणावलेल्या डोळ्यांनी त्यांना समोरचं काही दिसत नव्हतं. खिशात पेनही नव्हतं; कंडक्टरने आपलं दिलं.

लखोटा माझ्या टेबलावर आला. अक्षर ओळीवरून घसरलेलं, पण तारीख स्वच्छ. खाली देवीची अतोनात कृपा होती, ग्रामस्थांचं अतोनात प्रेम होतं आणि आनंदाने तर थैमान घातलं होतं. मी कात्री उचलली, परत खाली ठेवली, आणि डोक्यावर ‘आमच्या वार्ताहराकडून’ लिहून सगळा मजकूर जसाच्या तसा जुळवायला दिला.