गुणाबाई गाडीत बसत नाही

पनवेलच्या बाजारातून उरणच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला एक चिंच होती, आणि तिच्या सावलीत बुधाजी मिस्त्रीचा कारखाना. कारखाना म्हणजे चार खांब, वर गंजके पत्रे आणि चिंचेच्या जाड फांदीला टांगलेली साखळी-कप्पी. समोरच आमच्या डॉक्टरांचा दवाखाना. मी तिथं कंपौंडर होतो आणि माझी खिडकी नेमकी चिंचेकडे उघडायची. त्यामुळे बुधाजीला मी रोज आठ तास पाहत असे. बायकोलाही मी आयुष्यात एवढं पाहिलं नसेल, आणि तिची त्याबद्दल काही तक्रार नव्हती.

बुधाजी जातीनं आगरी. बापजाद्यांप्रमाणे मिठागरावरच जन्म गेला असता, पण लढाईच्या दिवसांत तो कल्याणच्या लष्करी वर्कशॉपात पाने उचलून द्यायला लागला आणि लढाई संपली तेव्हा पाने चालवायला शिकून परत आला. अक्षरओळख नाही. मापं सगळी वितीनं आणि बोटांनी. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून तो डोळे मिटायचा आणि कुठला भाग कुरकुरतोय ते सांगायचा. आमचे डॉक्टर नळी लावून जे सांगायचे त्यापेक्षा बुधाजीचं निदान जास्त वेळा बरोबर यायचं. हे मी डॉक्टरांच्या तोंडावर कधी बोललो नाही, कारण मला नोकरी प्रिय होती.

एवढ्या कसबी माणसाचं एकच दुखणं होतं. त्याची बायको गुणाबाई त्याचा हात लागलेल्या गाडीत बसत नसे.

तिची बाजूही ऐकली पाहिजे. सेहेचाळीस साली तिचं लग्न झालं तेव्हा तिच्या माहेराहून, म्हणजे ओव्याहून, वरात आणायला बुधाजीनं मोठ्या तोऱ्यात स्वतः दुरुस्त केलेली लॉरी नेली. ती कळंबोलीजवळच्या खाजणात मधोमध बंद पडली. भरतीचं पाणी चढत होतं. नवरी मुंडावळ्यांसकट चिखलात उतरली आणि सासरी चालत आली. दारात ओवाळायला उभ्या बायकांपैकी एकीनं विचारलं, "नवरी आनली का निवट्या धरून आनल्या?" निवट्या म्हणजे खाजणातल्या चिखलात उड्या मारणारे मासे. सगळ्या हसल्या. गुणाबाई हसली नाही. उंबरठा ओलांडायच्या आधी नवऱ्याला म्हणाली, "तुमच्या हातच्या गारीत मी पुना चढनार नाय."

आणि चढली नाही. आठ वर्षं! बैलगाडी चालायची, एस.टी. चालायची. एकदा एस.टी. कारखान्यासमोरच थांबली, ड्रायव्हरनं हाक मारली, बुधाजीनं पळत जाऊन दोन मिनिटांत ती चालू करून दिली. गुणाबाई आत होती. हातात तिकीट तसंच धरून ती खाली उतरली आणि ओव्याच्या दिशेनं चालू लागली. सगळी एस.टी. खिडक्यांतून बघत होती. लोक त्याला हसत, तोही हसल्यासारखं करी, पण मला खिडकीतून दिसत असे. सगळं पनवेल ज्याच्या भरवशावर घाट चढत होतं, त्याला फक्त एका बाईनं गाडीत बसायला हवं होतं.

चोपन्न सालच्या उन्हाळ्यात डॉक्टरांच्या जुन्या विलायती गाडीचं इंजिन तडकलं. डॉक्टर म्हणाले, "ने रे बाबा ही इथून. दवाखान्याच्या दारात काहीही मेलेलं बरं दिसत नाही." बुधाजीनं ती ढकलत रस्त्यापलीकडे नेली. आठवड्यानं तो कल्याणच्या लष्करी भंगारातून एका जीपचं इंजिन घेऊन आला.

"कंपौंडर," तो मला म्हणाला, "मेव्हन्याच्या पोरीची हलद हाय ओव्याला. वैशाखात. गुणीला या गारीतनं नेतो का नाय बघा."

"ती बसेल?"

"आदी गारी तर होऊ द्या."

जीपचं इंजिन विलायती गाडीत बसवणं म्हणजे काय ते मी सांगतो, कारण त्यापायी माझी औषधं चुकायची वेळ आली होती. पहिल्यांदा कप्पीनं इंजिन उचलून खाली सोडलं तर त्याचे कान गाडीच्या सांगाड्याच्या भोकांपासून चार बोटं लांब. वर उचललं. लोखंडी पट्ट्या वाकवून, मध्ये लॉरीच्या टायरचे तुकडे घालून नवे पाय केले. खाली सोडलं. आता पाय बसले, पण डायनामो स्टिअरिंगच्या दांड्यावर आदळला. गाडीचं स्टिअरिंग उजव्या हाताला, इंजिन डाव्या हाताला स्टिअरिंग असलेल्या गाडीतलं. वर उचललं. डायनामोची पट्टी कापून तो वर बसवला. खाली सोडलं. आता पंखा रेडिएटरच्या जाळीत घुसला. वर उचललं.

साखळी ओढायला शुक्रा होता. वाडीवरचा कातकरी, अंगानं किरकोळ, पण त्याच्या दंडात जी ताकद होती ती मला अजून समजलेली नाही. तो रोज सकाळी येऊन एकच विचारायचा, "मिस्त्री, आज वर का खाली?" अकराव्या वेळेला इंजिन खाली गेलं आणि राहिलं. शुक्रानं साखळी सोडली, इंजिनाला हात जोडले आणि विडी पेटवली.

फक्त बॉनेट बंद होईना. इंजिनाची हवा घेणारी डबी वीतभर वर आली होती. बुधाजीनं बॉनेटला गोल भोक पाडलं, आणि पावसापाण्याची सोय म्हणून त्यावर पितळेचं तपेलं पालथं घालून रिबिट ठोकलं. तपेलं गुणाबाईचं होतं. दोन दिवस ती घरात भाताचं तपेलं शोधत होती. तिसऱ्या दिवशी भाकरी घेऊन कारखान्यात आली आणि तिला ते सापडलं. काय बोलली ते इथं लिहिता येणार नाही, पण एवढं बोलूनही ती तिथून हलली नाही, कारण समोर दुसरा तमाशा चालू होता.

तो वायरींचा. जुनं इंजिन काढताना बुधाजीनं घाईघाईत सगळ्या वायरी एका दमात कापल्या होत्या. एकवीस वायरी. गाडीच्या पुस्तकात प्रत्येकीचा रंग दिलेला, आणि ते इंग्रजी पुस्तक वाचायचं काम माझ्याकडे. मी खुर्ची टाकून बसलो आणि मोठ्या ऐटीत सांगितलं, "हिरवी, तांबडी रेघ असलेली!" बुधाजीनं वाकून पाहिलं. अठरा वर्षांच्या तेलानं आणि धुळीनं एकवीसच्या एकवीस वायरी एकाच रंगाच्या झाल्या होत्या. मग अंदाजानं जोडाजोड सुरू झाली. हॉर्न दाबला की मागचा दिवा लागे. दिवा लावला की हॉर्न वाजे, आणि दिवा बंद केला तरी वाजतच राही. दवाखान्यातल्या एका म्हाताऱ्या रोग्याला त्यानं उचकी लागली. ती दोन दिवस टिकली.

गुणाबाई हे चार दिवस बघत होती. पाचव्या दिवशी तिनं भाकरीचं फडकं बाजूला ठेवलं.

"अवो," ती बुधाजीला म्हणाली, "तुमी वायर उचलताव नि इचारताव, हिला कुठं बसवू. असं कुठं असतं? पावना मांडवात आला का आदी इचारायचं, कुठून आलास बाबा? मंग बसवायचं. माझी आय दोनशे मानसांत कोन कुनाचा ते सांगते. तुमच्या एकवीसच हायत."

तिची आई ठमाबाई म्हणजे ओव्याची धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात धवलारणीचा मान मोठा. ती गाणी म्हणते तेव्हाच हळद लागते, आणि कुणाला कधी बोलवायचं, कुणाचं नाव कुणानंतर घ्यायचं हे सगळं तिच्या डोक्यात असतं. गुणाबाई लहानपणापासून आईच्या मागे बसून हे शिकली होती.

तिनं जुन्या लुगड्याचे काठ फाडून चिंध्या केल्या आणि बुधाजीला कामाला लावलं. तो बॅटरीवरून एकेका वायरीला वीज देई, शुक्रा गाडीभोवती फिरून कुठं काय पेटलं ते ओरडे, आणि गुणाबाई त्या वायरीला चिंधी बांधून नाव ठेवी. पुढचे दोन दिवे म्हणजे करवल्या. मागचा दिवा उरणची मंडळी, कारण लांबून येतात आणि मागे बसतात. हॉर्नची वायर थोरली नणंद, कारण बोट लागलं की भोकांड. सेल्फची जाडजूड वायर मामा, कारण नवरीला उचलून तोच आणतो. आणि ज्या वायरीशिवाय इंजिन पेटच घेत नाही, ती धवलारीण. मी पुस्तक मिटलं. माझ्याकडे तसंही कुणी बघत नव्हतं.

पण शेवटची चूक माझीच. पुस्तकात लिहिलं होतं, बॅटरीचं अधिक टोक गाडीच्या अंगाला जोडावं. मी ठासून सांगितलं, छापलेलं आहे म्हणून. बुधाजीनं जोडलं, आणि डायनामोजवळच्या डबीतून धूर निघाला. शुक्रानं वायर उपटली म्हणून गाडी वाचली. लष्करात असं नव्हतं हे बुधाजीला आठवत होतं. जीपच्या अंगाला उणे टोक जोडत. दोन्ही खरं कसं, हे आम्हा दोघांना कळेना. बुधाजीनं बायकोला समजावलं की अधिक टोक नवरा समज, उणे टोक नवरी आणि गाडीचं अंग म्हणजे सासर.

ती म्हणाली, "मंजे या इलायती गारीत नवरा नवरीच्या घरी ऱ्हायला जातो. घरजावई. नि इंजिनात नवरी सासरी जाते. दोनी रीती एका मांडवात कशा चालतील? इंजिन कमावतंय ना? मंग त्याची रीत धरा."

टोकं उलटी केली. जीपची वीज सहा व्होल्टची, म्हणून दिव्यांत जीपचेच बल्ब घातले. मी पुस्तक माझ्या पिशवीत टाकलं आणि त्यानंतर कुणाला सल्ला दिला नाही. बुधाजीनं सेल्फ दाबला. इंजिन एकदा खोकलं आणि धडधडायला लागलं. तपेलं थरथरत होतं. करवल्या लागल्या, उरणची मंडळी लागली, नणंद ओरडली आणि बोट काढल्यावर गप्प बसली. बुधाजीनं बायकोकडे पाहिलं. ती भाकरीचं फडकं झटकून घरी निघून गेली होती.

हळदीच्या दिवशी दुपारी गाडी धुऊन उभी होती. मागे मी आणि शुक्रा. गुणाबाई नवं लुगडं नेसून, बोचकं डोक्यावर आणि वहाणा हातात घेऊन आली. वहाणा हातात म्हणजे चालायची तयारी. बुधाजी दार उघडून उभा होता. मला त्याच्याकडे बघवेना.

"वाटंत एखादी वायर सुटली तर?" तिनं विचारलं.

"मी बघीन."

"तुमी? तेंची नावं तरी ठावी हायत का?"

गुणाबाईनं बोचकं माझ्या मांडीवर टाकलं आणि पुढं बसली. "मी तुमच्या गारीत नाय बसत," ती समोर बघत म्हणाली. "माझ्या वायरींसंगं जातंय."

बुधाजीला तेवढंही खूप होतं. तो गाडी अशी चालवत होता की रस्त्यातल्या कोंबड्या सावकाश बाजूला होत होत्या. तळोज्याच्या रस्त्यावर लोक थांबून तपेल्याकडे बघत. गुणाबाई ताठ बसली होती. एकदा तर तिनं आपण होऊन नणंदेला बोट लावलं.

आणि कळंबोली मागे पडल्यावर उघड्या शेतांमध्ये गाडीनं दोन आचके दिले आणि बंद पडली.

शुक्रा हळूच म्हणाला, "झालं. आता दोन पायांची गाडी." गुणाबाई उतरली. वहाणा हातातच होत्या. बुधाजीनं स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. आठ वर्षांत आणखी आठ वर्षं मिळवली गेली, असं मला वाटलं.

पण ती ओव्याकडे गेली नाही. पुढं जाऊन तिनं बॉनेट उघडलं. बुधाजी गुन्हेगारासारखा उतरला. मीही उतरलो. इंजिन पेटवणारी वायर सुटून लोंबत होती, आणि तिची चिंधी उलगडून वाऱ्यावर हलत होती.

बुधाजी घाईनं म्हणाला, "अगो, रस्ता खराब. नट मीच ढिला ठेवला असंल. माझीच चूक."

"गप ऱ्हावा," गुणाबाई म्हणाली. "गाठ माझी हाय. मीच सैल मारली."

तिनं वायर बसवली, नट बोटांनी आवळला, बुधाजीपुढं हात केला. त्यानं पाना दिला. तिनं पान्यानं आवळला आणि चिंधीला दोन गाठी मारल्या. मग हात पुसत, त्याच्याकडे न बघता तिनं विचारलं, "वरातीच्या लारीतबी अशीच एखादी सुटली होती?"

"हां," बुधाजी म्हणाला. "अशीच."

"मंग आठ वरसं बोललाव का नाय?"

"तू इचारलंस कुठं?"

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग वहाणा पायात घातल्या, आपल्या हातानं दार उघडून आत बसली आणि म्हणाली, "चला. आय माझ्यासाठी हलद थांबवून बसली असंल."

बुधाजी स्टिअरिंगमागे येऊन बसला. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि हजार गाड्या चालू केलेल्या त्या माणसाला सेल्फचं बटण सापडेना. शेवटी ते गुणाबाईनंच दाबलं.