तांब्यातला खरा सूर्य

रोज सकाळी, न्याहारीच्याही आधी, योस्ट हेलबाख दगडावर तेल टाकी, कोरणी घासी आणि तिचं टोक डाव्या अंगठ्याच्या नखावर टेकवी. टोक रुतलं तर धार आली. घसरलं तर पुन्हा दगड. नखावर ओरखड्यांचं जाळं झालं होतं. त्याची बायको ओटिलिया म्हणे, "तुमचं सगळ्यात चांगलं काम त्या नखावरच आहे."

फ्रांकफुर्टात तांब्याच्या पत्र्यावर चित्रं कोरणारे पुष्कळ होते आणि योस्ट त्यांत मधला. संत, नकाशे, मेलेल्या वकिलांचे चेहरे, जे सांगाल ते तो कोरून देई. घर पुस्तकविक्रेत्या वेंडेलिनचं होतं. त्याचं काम योस्टकडे चालू आहे तोवर तिथे राहायचं, असा करार. घरात एकच गोष्ट मोलाची होती, उत्तरेकडची मोठी खिडकी. दिवसभर तिच्यातून एकसारखा, शांत उजेड येई. ओटिलियाचे डोळे अधू होत चालले होते. त्या उजेडात तिला अजून सुईत दोरा ओवता येत असे. दुसऱ्या कुठल्याही घरात तिची शिवण संपली असती.

मग वेंडेलिनने एका डॉक्टरचं किमयेचं, म्हणजे हलक्या धातूचं सोनं करण्याच्या विद्येचं, पुस्तक आणलं. कविता डॉक्टरच्या, चित्रं योस्टची. एका हौदात बसलेले राजा-राणी, बेडकाला साखळीने बांधलेला गरुड, सूर्य गिळणारा हिरवा सिंह. हिरवा कवितेत, छापात तो काळाच. राणीचे दंड ओटिलियाचे होते, धुणी पिळून जाड झालेले. राजा म्हणजे कोपऱ्यावरचा खाटीक, आणि सिंहाची आयाळ त्या खाटकाच्या कुत्र्याची. पण पत्रा पुरा झाला तेव्हा योस्टने त्या सिंहापुढे टोपी काढली.

"अहो, कुत्रा आहे तो! परवा आपलं सॉसेज पळवलं त्याने."

"तू कातडं बघतेस, ओटिले."

"कातडंच चावतं मला."

कोरलेलं चित्र कागदावर उलटं उमटतं. डावीकडचा सूर्य उजवीकडे जातो. या गोष्टीला योस्ट जन्मभर वैतागला होता. आता तीच त्याला दैवी वाटू लागली. जगातले सगळे पंडित कागद बघतात, म्हणजे नुसतं प्रतिबिंब. म्हणून कुणाचंच सोनं होत नाही. मूळ सूर्य तांब्यात आहे आणि तांबं आपल्या मेजावर. आपणच खाटकाला मुकुट घातला, हे तो सोयीने विसरला. माणूस स्वतःच्या हाताला फसतो तेव्हा त्याला बाहेरच्या ठकाची गरज उरत नाही.

शेवटचा पत्रा राजा-राणीच्या लग्नाचा होता. शरदातली पुस्तकांची जत्रा तोंडावर आली तेव्हा वेंडेलिन स्वतः आला.

"मास्टर, रविवारनंतर पत्रा न्यायला माणूस पाठवतो. तयार नसला तर पुढची कामं स्ट्रासबुर्गच्या कारागिराला, आणि हे घरही."

"तयार आहे, मालक," ओटिलियाच घाईने म्हणाली. खरंच तयार होता.

रविवारी ती चर्चमधून परतली तर जिन्यातच सडक्या अंड्यांचा वास. चुलीपाशी लोहाराचा भाता, गंधकाची पुडी, पाऱ्याची बाटली, आणि काजळी माखलेला योस्ट. पत्रा त्याने कात्रीने कापून मुशीत वितळवला होता. मुशीच्या तळाशी काळा, फोड आलेला गोळा होता.

"बघ, बेडूक! आधी काळा बेडूकच होतो, मग सोनं. चित्रात आहे."

"मला बिऱ्हाड हलताना दिसतंय."

"थोडा धीर धर."

"खिडकी कुठून आणू, ते सांगा. धीर आहे माझ्याकडे."

माणसाने बोलावून आणलेल्या वेंडेलिनने गोळा पाहिला, नाकाला रुमाल लावला आणि दुसरी संधी दिली नाही. बिऱ्हाड चांभारांच्या गल्लीत गेलं. तिथली खिडकी समोरच्या भिंतीवर उघडे. योस्ट लाकडावर पत्त्यांचे राजे कोरू लागला. दारूच्या गुत्त्यात त्या राजांना गुलामापेक्षा जास्त मान होता. ओटिलियाची सुई डबीत पडली. गोळा तिने कोबीच्या लोणच्यावर दाबायला ठेवला, तर तांबं कळकून कोबी हिरवागार झाला. "हिरवा सिंह!" योस्ट ओरडला. तिने सगळं पिंप उकिरड्यावर उपडं केलं आणि गोळा दाराला टेकू म्हणून लावला. त्याचा एवढा उपयोग झाला.

म्हातारपणी योस्टचे हात थरथरू लागले. पाऱ्याची मेहेरबानी, असं ती शेजारणींना सांगे. पण शेवटच्या सकाळी, अंथरुणातही कोरणी हातात धरून, त्याने तिला खुणेने जवळ बोलावलं, तेव्हा ती लगबगीने गेली. ओठांशी कान नेला. इतकी वर्षं त्याच्या सोन्याला हसून झाल्यावर आपण काय ऐकायला वाकलो आहोत, हे लक्षात येऊन तिला स्वतःचीच चीड आली. तरी ती वाकलेलीच राहिली.

योस्टने कोरणी नखावर टेकवली. टोक घसरलं.

"दगड कोरडा पडलाय," तो म्हणाला. "तेल आण जरा."