नवऱ्याचं तोंड मांडवाकडं

तवंदीच्या घाटात, दुसऱ्या वळणावर इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं. मी हँडब्रेक ओढला आणि खाली उतरून मागच्या चाकांना दगड लावले. गाडीत मागे बाशिंग बांधलेला नवरा दत्तू होता, त्याच्या शेजारी त्याची आत्या गंगूआक्का. पुढे माझ्याजवळ नवऱ्याचे वडील शंकरआप्पा. लग्नाचं गाव घाट संपतो तिथंच, माथ्यावर होतं. बाकीचं वऱ्हाड पहाटेच बैलगाड्यांनी निघून कधीच पोचलं होतं. वरातीमागून घोडं ऐकून होतो, पण नवऱ्यालाच घेऊन घोडं अडलेलं मी पहिल्यांदा बघत होतो.

"काय झालं रं डायवर?" आप्पांनी विचारलं.

"जरा उठा, आप्पा. तुमच्याखाली टाकी हाय."

त्या गाडीची रचनाच तशी होती. अमेरिकेची टी मॉडेल. आमच्या मालकांनी ती बेळगावात कॅम्पातल्या एका साहेबाकडून जुनी घेतली होती आणि निपाणीत लग्नाकार्याला भाड्यानं द्यायचे. पेट्रोलची टाकी पुढच्या सीटखाली. काटा नाही, काही नाही. गादी उचलायची, झाकण काढायचं आणि काठी बुडवून बघायची. काठीचं फक्त टोक ओलं झालं.

सकाळी टाकी निम्मी होती. घाटाला तेवढं पुरलं असतं. पण आप्पांनी आधी निपाणीतल्या सगळ्या पाहुण्यांच्या दारावरून गाडी मिरवली. दोन गल्ल्यांत तर तंबाखूच्या वखारीसमोर गाडी उभी करून हॉर्न वाजवायला लावला. हौसेला मोल नाही म्हणतात. पेट्रोलला असतं, हे मी तिथंच बोललो होतो. "लग्न माझ्या घरचं हाय का तुझ्या?" असं उत्तर मिळालं होतं.

"म्हंजे पेट्रोल संपलं?" आप्पा म्हणाले.

"संपलं न्हाय. हाय, पर इंजिनापतूर जात न्हाय."

हे त्यांना पटेना. साहजिक आहे, म्हणून सांगतो. या गाडीला पेट्रोल ढकलणारा पंप नव्हता. टाकीतून नळीवाटे ते आपल्या वजनानं इंजिनाकडे वाहायचं, पाटाच्या पाण्यासारखं. सपाट रस्त्यावर इंजिन टाकीपेक्षा खाली, त्यामुळे काही अडत नाही. चढ लागला की गाडीचं तोंड वर होतं, इंजिन उंच जातं आणि टाकी खाली राहते. पेट्रोल कमी असेल तर ते चढून कसं जाणार?

"गाडी चालवता यीना, घाट वाकडा!" आप्पा म्हणाले. "आता उपाय बोल."

उपाय या गाडीच्या सगळ्या ड्रायव्हरांना माहीत होता. गाडी फिरवायची आणि रिव्हर्समध्ये, म्हणजे उलटी, घाट चढवायची. मग इंजिन खालच्या अंगाला येतं आणि पेट्रोल आपसूक उतरतं. शिवाय त्या गाडीचा रिव्हर्स पुढच्या गिअरपेक्षा दमदार. मी तसं सांगितलं आणि आप्पांचा चेहरा काळाठिक्कर पडला.

"वर शिवेवर वाजंत्री घेऊन समदं गाव हुबं आसंल. सीमांतपूजनाला. आन् माझा पोरगा पाठ करून जानार? गाढवावर उलटं बसवून धिंड काढत्यात, ठावं हाय का तुला?"

"मग खाली जाऊन डबा आणतो. पर मुहूर्त गाठणार न्हाय."

तो त्या मोसमातला शेवटचा मुहूर्त होता. पाऊस लांबला होता म्हणून तो तरी साधत होता. पुढे चातुर्मास. हुकला असता तर लग्न थेट दिवाळीनंतर, आणि तोवर मुलीकडचे थांबतील याची खात्री कुणालाच नव्हती. आप्पांना हे सगळं माहीत होतं. तरी ते रस्त्याकडेच्या धोंड्यावर जाऊन बसले. "चालत जाऊ" म्हणाले. मग वर पाहिलं, उन्हात तापलेला घाट पाहिला, बहिणीचे सुजलेले पाय पाहिले आणि जागचे हलले नाहीत. मला मनातून त्यांचा संताप आला होता. पण त्या धोंड्यावर बसलेला माणूस बघून जरा वाईटही वाटलं.

एवढा वेळ पानाला चुना लावत बसलेली गंगूआक्का तेव्हा बोलली.

"दादा, मोटारीचं तोंड कुणीकडं का आसंना. नवऱ्याचं तोंड मांडवाकडं आसलं म्हंजे झालं की. दत्तू, ऊठ. माघारी फिर."

दत्तू उठला. गाडीचा कापडी हूड दुमडलेलाच होता. तो मागच्या सीटवर उभा राहिला, गाडीच्या मागच्या बाजूला तोंड केलं आणि दुमडलेल्या हूडवर दोन्ही हात टेकले. आता गाडी उलटी गेली तरी नवरा सरळच जाणार होता.

"आप्पा, बसा," तो म्हणाला. सकाळपासून तेवढंच बोलला होता.

आप्पा धोंड्यावरून उठले. मी दगड काढले, उतारावर हळूहळू गाडी फिरवली, हँडल मारलं. पहिल्याच फटक्याला इंजिन सुरू झालं. या गाडीला पायाखाली तीन पेडल. मधलं रिव्हर्सचं. ते दाबून धरलं की गाडी मागं जाते, सोडलं की थांबते. मी दाबलं आणि आम्ही चढू लागलो.

अडचण एकच झाली. मान वळवून मागं बघावं तर दत्तूचा पटका, बाशिंग आणि पाठ. रस्ता काही दिसेना.

"दत्तू, तू सांग. कुणीकडं वळवू?"

"डावीकडं घ्या!"

मी डावीकडं घेतलं. गंगूआक्का किंचाळली. मी ब्रेक दाबला तेव्हा मागचं चाक रस्त्याकडेच्या दगडांवर चढलं होतं आणि दगडांपलीकडे दरी होती. दत्तूचं तोंड वर आणि माझं खाली. त्याचं डावं ते माझं उजवं. इतकी साधी गोष्ट दोघांच्याही डोक्यात आली नव्हती. मी गाडी जरा पुढं सोडून चाक पुन्हा रस्त्यावर आणलं. आप्पा डोळे मिटून देवाचं नाव घेत होते.

"डावं-उजवं सोड," मी म्हणालो. "डोंगर म्हण न्हाय तर दरी म्हण."

मग वरपर्यंत तेच चाललं. "डोंगर... डोंगर... आता जरा दरी... बास, बास!" मुंडावळ्या डोळ्यांवर यायच्या, त्या एका हातानं बाजूला सारत तो ओरडायचा. मध्ये रिव्हर्सचा पट्टा जळल्याचा वास आला. पट्टा म्हणजे आतलं चाक आवळून धरणारी कापडी फीत. सतत घासली की जळते. दोनदा थांबून ती गार होऊ दिली.

माथ्यावर खरंच सगळं गाव उभं होतं. आप्पांनी उपरणं तोंडावर ओढून घेतलं. पण हसलं कुणी नाही. त्या गावात मोटार पूर्वी आलीच नव्हती, मग सरळ कुठली आणि उलटी कुठली? त्यांना दिसला तो उंच उभा राहून समोर बघत येणारा नवरा. वाजंत्री सुरू झाली. मुलीच्या चुलत्यांनी आप्पांना मिठी मारली आणि म्हणाले, "पाव्हणं, आसा थाट आमी जल्मात बगितला न्हाय."

आप्पांनी हळूच उपरणं खाली केलं, मिशीवर हात फिरवला आणि म्हणाले, "मोटारीत नवरा आसाच आणायचा आसतो."

लग्न मुहूर्तावर लागलं. मला फेटा मिळाला. परतताना नवरा-नवरी आणि उतार, त्यामुळे गाडी सरळ आली.

पुढच्या मोसमात चिकोडीकडचे एक गृहस्थ गाडी ठरवायला आले. भाडं ठरलं. जाता जाता त्यांनी विचारलं, "गाडी उलटीच येणार न्हवं?"

मी म्हणालो, "टाकी भरलेली आसंल, काका. उलटं यायचं काम न्हाय."

"आसं कसं? नवरा काय पाठ फिरवून बसणार व्हय? तिकडं शिवेवर समदी वाट बघत्यात. जमत नसंल तर सांगा, आमी दुसरी मोटार बघतो."

मालकांनी माझ्याकडं पाहिलं. मी टाकीकडं पाहिलं. त्यानंतर लग्नाच्या भाड्याला जाताना मी टाकी काठोकाठ भरून घ्यायचो आणि रिव्हर्सचा एक जादा पट्टा सीटखाली ठेवायचो. पेट्रोल कधीच कमी पडलं नाही. पट्टा मात्र दर मोसमात नवा लागायचा.