साल जास्त झाली

देवाशपथ सांगतो, अमरावतीतले आमचे शेजारी काका संत्र्याची साल इतकी पातळ सोलत, की तिच्यातून चिखलदरा दिसावा. ती कडू साल साखरेत ठेचून, वर रस पिळून ते जुनी मुरलेली रम ओतत. पहिला चमचा काकू चाखत आणि दर रविवारी सांगत, "साल जास्त झाली."

"तुले काय समजते?" म्हणत काका ग्लास संपवत.

काकू गेल्या. चमचा माझ्यापुढं आला. "अमृत, काका! इंद्राले बी भेटत नसन!" मी म्हणायचो, आणि काका भरला ग्लास मोरीत ओतायचे.

परवाचं तर खरंच अमृत होतं. तरी मी तोंड वाकडं केलं. "साल जास्त झाली, काका."

काकांनी माझ्या हातातून चमचा काढून घेतला.

"तुले काय समजते?" ते म्हणाले, आणि ग्लास संपवला.